जायफळाची झोप

आमच्या शाळेमागच्या गल्लीत एक मसाला कांडप आहे. वर्षभर ते आहे की नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शटर अर्धं खाली, आत अंधार, पायरीवर एक मांजर. होळी झाली की मात्र ते धडधडायला लागतं आणि परीक्षेला बसलेली अख्खी सातवी शिंकायला लागते. वर्गात फेऱ्या मारता मारता मीही शिंकते. मुलं पेपरात तोंड खुपसून हसतात. मी पदराने डोळे पुसते. बाईंना मिरची झोंबली असं मुलांना वाटतं, आणि ते खोटंही नसतं.

नाशिकच्या थंडीचं कौतुक सगळे करतात. द्राक्षं, धुकं, गोदाकाठची पहाट, सगळं त्या थंडीच्या वाट्याला. आमच्या उन्हाळ्याचं कुणी नाव घेत नाही. पण बायकांचं वर्ष खरं इथेच सुरू होतं. रविवार कारंज्यावरून मिरचीची पोती रिक्षात कोंबून बायका घरी निघतात. रिक्षावाला नाकाला रुमाल बांधतो आणि ‘ताई, मिरची असली की आधी सांगत जा ना’ म्हणून सगळ्या वाटेने कुरकुरतो. गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यांवर मिरची पसरते. दुपारी कुठल्या ना कुठल्या घरात खोबरं भाजायला काढलेलं असतं. त्या वासावर माझा फार जीव होता. आता तो वास आला की मी आधी खिडकी लावते, मग मला स्वतःचाच राग येतो, आणि मी ती पुन्हा उघडते.

माझं माहेर सातपूरला. वडील कारखान्यात होते तेव्हा त्यांनी घेतलेलं छोटंसं रो-हाउस. खाली बाहेरची खोली, स्वयंपाकघर, त्याला लागून आतली खोली. वर माझ्या भावाची खोली आणि त्याच्यावर गच्ची. वडील गेले. धाकटा भाऊ योगेश दुसऱ्या एका कारखान्यात पाळ्या करतो. घरात आई, योगेश, त्याची बायको अश्विनी आणि त्यांची मुलगी ईश्वरी. ईश्वरी आठ महिन्यांची होत आली आहे आणि ती जेवत नाही.

‘जेवत नाही’ हे हल्ली प्रत्येक आईचं पालुपद असतं. गुटगुटीत पोराला काखेत धरून बायका मला शाळेच्या फाटकात सांगतात, बाई, हा काही खातच नाही. ईश्वरीचं तसं नाही. तिचं वजन थांबलं आहे. मनगटं काडीसारखी झाली आहेत. मागच्या महिन्यात अश्विनीबरोबर मीही तिच्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘वरचं काय देता?’

‘मुगाची डाळ आणि तांदूळ. मऊ शिजवून, गाळून.’

‘त्यात काय घालता?’

‘काही नाही.’

‘हळद? जिरं?’

अश्विनीने ईश्वरीचं झबलं सारखं केलं. डॉक्टरीणबाई हसल्या. ‘अहो, मीठ-साखर वर्षाची होईपर्यंत नको, तिखट नको, ते बरोबर केलंत. पण चिमूटभर जिऱ्याची पूड घाला, हळद घाला, कणभर हिंग घाला. तिला आता चव कळते. तुम्ही तरी खाल का असला भात? घरात मोठं कुणी बाईमाणूस नाही का सांगायला?’

‘आहेत,’ अश्विनी म्हणाली.

घरी आल्यावर तिने तोच पांढरा भात शिजवला. ईश्वरीने एक घास जिभेने बाहेर ढकलला, दुसऱ्याला मान फिरवली. घरातलं मोठं बाईमाणूस, म्हणजे माझी आई, बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून होतं. टीव्ही बंद होता.

अश्विनीला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. आईला तर नाहीच नाही. या घरात ईश्वरीच्या आधी पार्थ होता.

पार्थचं नाव मीच ठेवलं. आत्या म्हणून तो माझा मान. बारशाला त्याच्या कानात नाव सांगून मी ‘कुर्रर्र’ केलं तर त्याने इतकं जोरात भोकाड पसरलं की सगळ्या बायका म्हणाल्या, पोरगा आत्याच्या वळणावर जाणार. तो आईचा पहिला नातू. आई निफाडकडची. शेतात राबलेली, बोलायला फटकळ, आणि हाताला अशी चव की मेथीची साधी भाजी केली तरी शेजारची बाई वाटी घेऊन यायची. पार्थ पोटात असतानाच आईने सहाण घासून, धुऊन, उन्हात ठेवून तयार केली होती. गुटीचा डबा भरला होता. हळकुंड, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, खारीक, बदाम, आणि एक जायफळ, कापडाच्या तुकड्यात वेगळं बांधलेलं.

ज्यांनी गुटी पाहिली नाही त्यांना ते काहीतरी औषध वाटेल. औषध आहेच, पण त्याहून जास्त ती ओळख आहे. सहाणेवर दुधाचे चार थेंब घ्यायचे, एकेक मुळी धरून हलकेच फिरवायची. कुणाचा एक वळसा, कुणाचे दोन, कुणाला नुसतं टेकवून उचलायचं. सगळं मिळून बोटाच्या टोकावर मावेल एवढं. ते बाळाच्या जिभेला लावायचं. बाळ आधी तोंड वाकडं करतं, मग विचारात पडतं, मग मचमच करत बोट चोखतं. पार्थचं ते विचारात पडणं बघायला आई आम्हाला हाका मारून गोळा करायची. ‘बघ, बघ, आता इचार करतोय. सुंठ लागली जिभेला.’ आपल्या घरात मसाला ताटात यायच्या कितीतरी आधी असा जिभेवर येतो. पुढे आयुष्यभर आपण त्यालाच घरची चव म्हणत राहतो.

सगळ्यांत जपून वापरायचं ते जायफळ. त्याने झोप लागते. आईच्या भाषेत, ‘जायफळ म्हंजी एकच येढा, आन् तोबी रोज नाय.’ पार्थ मुलखाचा जागा पोर होता. दिवसा डोळ्याला डोळा लावायचा नाही. अश्विनी तेव्हा एका दुकानात हिशेबाचं काम करायची, ते सोडून घरी बसलेली, झोपेविना डोळे सुजलेले. कधी आई जायफळ द्यायची, कधी अश्विनी तिच्याकडून शिकून स्वतः द्यायची. पार्थ झोपला की घरात सणासारखं वाटायचं. कामं उरकायची, केस विंचरायचे, चहा गरम असतानाच प्यायचा. ‘आज जायफळाची झोप आहे’ असं म्हणत आम्ही कुजबुजून बोलायचो. त्या शब्दात केवढा आराम होता.

सहावा महिना लागला, उष्टावण झालं. चांदीच्या वाटीतल्या खिरीचं बोट मामाने चाटवलं. मग भाताची पेज आली, डाळीचं पाणी आलं. आईने तुपात जिरं तडतडवून, त्यावर हिंगाचा कण टाकून ते पाणी फोडणीला दिलं तेव्हा पार्थने वाटी दोन्ही हातांनी ओढली होती. वाटी उपडी झाली. आई फरशीवर बसून डाळ पुसत होती आणि म्हणत होती, ‘ह्यो खानारा हाय. ह्यो घर राखनार.’

ते सगळं मसाल्याच्या दिवसांतलं.

आमच्याकडे काळा मसाला सगळ्यांचा मिळून एकदाच होतो. मी सुट्टी काढून जाते, अश्विनीची आई आली तर येते. मिरची दोन दिवस गच्चीवर वाळलेली असते. त्या दिवशी सकाळपासून खाली भाजणी चालते. आधी धने, मग जिरं, मग खोबरं, तीळ, खसखस. लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल तेलात परतायचं. वाळवलेला कांदा काळपट होईपर्यंत तळायचा. मिरची सगळ्यात शेवटी, कारण मिरची कढईत पडली की घरात माणसाला थारा नसतो. हे सगळं दुपारपर्यंत आटपून डबे कांडपावर पोचले पाहिजेत. उशीर झाला की तिथे रांगेत संध्याकाळ होते.

पार्थला आदल्या दिवशी अंग जरा कोमट होतं. दात येताहेत, असं सगळ्यांचं मत पडलं. सकाळी औषधाचे थेंब दिल्यावर अंग गार पडलं. तो थोडं प्यायला आणि झोपला. आतल्या खोलीत झोळी होती. भाजणीचा वास लागू नये म्हणून अश्विनीने दार लावून घेतलं, खालच्या फटीत जुनं फडकं कोंबलं.

तो झोपलाच. मधे अश्विनी बघून आली. ओठ हलवून म्हणाली, झोपलाय. धने झाले, जिरं झालं. मधे आई बघून आली. ‘लय दिवसांनी असा झोपलाय,’ म्हणाली, आणि अश्विनीकडे बघून हसली. अश्विनीही हसली. त्या हसण्यात दोघींचा काहीतरी समझोता होता असं मला वाटलं. पाणी प्यायला उठले तेव्हा मीही दार किलकिलं करून पाहिलं. मूठ मिटलेली, तोंड थोडं उघडं. मला वाटलं, किती गोड. खोबरं किसून माझे हात भरून आले होते, मी परत येऊन बसले. दुपार व्हायला आली तशी अश्विनी त्याला पाजायला गेली. त्याने डोळे अर्धवट उघडले, दोन घोट घेतले आणि मान टाकली. ‘झोपेतच आहे अजून,’ ती म्हणाली. ‘असू दे,’ आई म्हणाली, ‘उठंल भूक लागल्यावर.’

मग मिरची कढईत पडली. आम्ही सगळ्या ठसकलो. योगेश पहिल्या पाळीहून आला तो उंबऱ्यातच शिंकू लागला. शेजारून कुणीतरी ओरडलं, ‘अहो काकू, खिडकी लावा!’ कामात कुणीतरी आतल्या खोलीचं दार उघडून ठेवलं होतं आणि धूर तिकडेही गेला होता. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अश्विनी पदर तोंडात धरून खोकत होती, आम्ही एकमेकींकडे बघून हसत होतो. सगळं घर ठसकत होतं. एकटा पार्थ ठसकला नाही.

ते पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. हसता हसता ती थांबली. हातातला झारा तसाच धरून आत गेली. तिने काय पाहिलं ते मला माहीत नाही, पण तिने मारलेली हाक अजून माझ्या कानात आहे. ती ‘पार्थ’ नव्हती की ‘बाळा’ नव्हती. ती ‘अश्विनी’ अशी होती.

रिक्षात अश्विनीच्या मांडीवर तो होता आणि आम्हा सगळ्यांच्या कपड्यांना मिरचीचा वास येत होता. दवाखान्यात शिरलो तशी बाकावरची माणसं शिंकली. तरुण डॉक्टर होता. त्याने पार्थचे डोळे उघडून बॅटरी मारली, मान हळूच वाकवून पाहिली, आणि आमच्याकडे न बघताच विचारलं, ‘झोपेसाठी काही दिलं होतं का? जायफळ वगैरे?’

आईने अश्विनीकडे पाहिलं. अश्विनीने आईकडे पाहिलं.

‘मी नाही दिलं,’ अश्विनी म्हणाली. ‘आई, तुम्ही दिलं होतं ना? सकाळी?’

‘मी?’ आई म्हणाली. ‘मी कुठं दिलं? मला वाटलं तू दिलं.’

आयुष्यात मी पुष्कळ वाईट क्षण पाहिले, वडिलांचा शेवटही पाहिला. पण त्या दोन वाक्यांइतका वाईट दुसरा नाही. दिवसभर आम्ही ज्याला झोप म्हणत होतो, जिच्यासाठी कुजबुजून बोलत होतो, ती झोप नव्हती. जंतू मेंदूपर्यंत पोचले होते. डॉक्टर म्हणाला, ‘सकाळी आणलं असतं तर...’ आणि पुढचं त्याने गिळलं. गिळलं ते बरं केलं, पण अर्धं वाक्यही पुरेसं असतं. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत पार्थ गेला.

भेटायला माणसं आली. काही माणसं दुःखात येतात ती डोळ्यांत पाणी आणून, आणि जाताना बातमी घेऊन जातात. ‘काय झालं होतं?’ असं विचारायचं, आपणच उत्तर ठरवायचं, आणि पुढच्या घरी सांगायचं. आठवड्याच्या आत साऱ्या कॉलनीत झालं, म्हातारीने जायफळ जास्त चाटवलं. माझ्या शाळेतल्या एका बाईंनीसुद्धा मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तुमच्या आईंनी गुटी दिली होती म्हणे?’ मी त्यांच्यावर अशी खेकसले की त्या वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आईने मात्र कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही की मी काही दिलं नव्हतं. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, ‘अगं, तू का ऐकून घेतेस? सांग ना सरळ.’

‘काय सांगू?’ ती म्हणाली. ‘मी नाय दिलं म्हनलं, तर लोक म्हनतील मंग सुनंनं दिलं. तिची कूस उजाड झाली, वर ह्येबी तिच्याच डोक्यावर घालू?’

अश्विनीनेही कुणाला काही सांगितलं नाही. ती का गप्प राहिली हे मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, तिच्या मनात कुठेतरी होतं की आईंनी दिलंच असेल आणि आता नाही म्हणताहेत. आणि आईच्याही मनात तेच, उलट. एका स्वयंपाकघरात दोघी रोज वावरत होत्या, एकमेकींना मिठाचा डबा पुढे करत होत्या, आणि मधे ते जायफळ होतं, कुणीच न उगाळलेलं.

कुणीच नव्हतं उगाळलं. हे मला कळलं ते पंधरवड्याने, गच्चीवर. त्या दिवशी पहिल्या घाण्यापुरतीच मिरची खाली आणली होती; वर तशीच पडून राहिलेली बाकीची कुणीतरी आवरायला हवी होती. ऊन, वारा, चिमण्या यांनी तिची रया गेली होती. साडीच्या चार टोकांवर वाऱ्यासाठी वजनं ठेवलेली होती. दोन विटा, एक फुटकी कुंडी, आणि चौथ्या टोकावर सहाण. मिरची वाळत घातल्या दिवसापासून ती तिथेच होती. कुणी ठेवली ते कुणालाही आठवेना. हाताशी लागली, जड होती, ठेवली. दोन दिवस सहाण गच्चीवर असताना खाली गुटी कुणी उगाळणार?

मी ती धावत खाली आणली. मला वाटलं, सुटलो. दोघींच्या समोर ठेवली आणि सांगितलं कुठे होती ते. वकिलासारखी सांगत होते मी, पुरावा सापडल्यासारखी. दोघी ऐकत होत्या. सहाणेवर लाल धूळ बसली होती. ऐकून झाल्यावर अश्विनी उठली आणि वर तिच्या खोलीत गेली. आई म्हणाली, ‘ठेव तिकडं.’

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. जायफळ दिलं गेलं असतं तर निदान एकीने दिलेलं असतं. चूक एका हाताची असती, तो हात दुसरीला धरता आला असता, माफ करता आला असता. कुणीच काही दिलं नव्हतं, म्हणजे ते पोर सकाळपासून आपल्या डोळ्यांसमोर हातातून निसटत होतं आणि आम्ही सगळ्या खूश होतो. माझ्यासकट. त्याहून ते जायफळच परवडलं असतं.

गुटीचा डबा अश्विनीने कुठे टाकला ते मला माहीत नाही. त्यानंतर आमच्या काळ्या मसाल्यात जायफळ पडलं नाही. चव बदलली. नवरा म्हणाला, यंदा तुमच्या मसाल्यात काहीतरी कमी आहे. मी त्याला आणखी आमटी वाढली.

ईश्वरी झाली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आईने टाकला नाही. दवाखान्यात तिने नातीचं तोंड लांबूनच पाहिलं. घरी आल्यावरही ती बाळाला घ्यायची ती अश्विनीने दिलं तरच, आणि अश्विनी कधी आपण होऊन द्यायची नाही. तेल लावायला बाई ठेवली. पाणी उकळून, गाळून. बाहेरून कुणी खेळणं आणलं तर आधी धुऊन. आणि ईश्वरीची झोप! त्या घरात त्या पोरीला नीट झोपूच देत नाहीत. जरा डोळा लागला की अश्विनी येऊन छातीवर हात ठेवते, पायाला गुदगुल्या करते. ती गेली की आई येते, दारातूनच टाळी वाजवते. पोर दचकून उठतं, रडतं. मग दोघींचे चेहरे निवळतात. मी एकदा वैतागून म्हणाले, ‘अरे, झोपू द्या की तिला!’ दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्स उचलून घरी निघाले.

आणि तो पांढरा भात. डॉक्टरीणबाईंनी सांगून महिना झाला. मी फोन करून विचारायचे, जिरं घातलंस? ‘उद्यापासून,’ ती म्हणायची. एकदा म्हणाली, ‘ताई, मी जिरं हातात घेते. भाजतेही. मग मला तो वास येतो आणि माझे हात थांबतात.’ मी म्हटलं, ‘मग आईला सांग.’ पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘त्या घालतील का?’

मी आईला विचारलं. आई म्हणाली, ‘तिनं सांगितलं का तसं?’ मी म्हटलं, सांगितलं असं समज. ‘असं समजून पोराच्या तोंडात काय घालायचं नसतं,’ आई म्हणाली. ‘समजूनच तर गेला त्यो.’

या रविवारी यंदाचा मसाला झाला. माझी सातवीच्या उत्तरपत्रिकांची थप्पी घरी तशीच टाकून मी गेले. धने झाले, जिरं झालं. जिऱ्याचा वास सुटला तेव्हा अश्विनी ईश्वरीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ईश्वरीने मान वळवली आणि नाक वर करून हुंगलं. पोर हुंगतं ते अख्ख्या तोंडाने. आमच्या तिघींच्याही ते लक्षात आलं. आई कढईत उलथणं फिरवत राहिली.

मग अश्विनी म्हणाली, ‘आई, हिच्या डाळीत घालायचंय. किती घालू?’

आईचा हात थांबला. ती वळली नाही.

‘मला नगं इचारू,’ ती म्हणाली.

‘मग कुणाला विचारू?’

अश्विनीचा आवाज वर गेला होता. ईश्वरी तिच्या तोंडाकडे बघायला लागली. ‘कुणाला विचारू मी, आई? ती काही खात नाही. माझ्या हातून होत नाही. तुम्ही घाला. माझ्यासमोर घाला, मोठ्याने सांगून घाला, पण घाला.’

आईने गॅस बारीक केला. कढईतलं चार दाणे जिरं खलबत्त्यात घेतलं, कुटलं. छोट्या कढल्यात तूप ठेवलं. आणि मग माझी फटकळ आई, जिने आयुष्यात कुणाला विचारून फोडणी दिली नाही, ती वर्गात पाढे म्हणावेत तशी एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. ‘तूप घातलं. बघितलं का?’

‘बघितलं.’

‘हळद. एवढी. चिमटीत बघ.’

‘हो.’

‘हिंग. कन हाय नुसता. जिरं घातलं. आनखी काय नाय घातलं.’

‘आणखी काही नाही,’ अश्विनी म्हणाली.

डाळभातावर ती फोडणी पडली. अश्विनीने भरवलं. पहिला घास ईश्वरीने तोंडात धरून ठेवला. भुवया आक्रसल्या. ती विचारात पडली. तो चेहरा मी ओळखत होते. आईही ओळखत असणार, कारण ती भिंतीकडे तोंड करून लवंगा निवडायला लागली. लवंगा आदल्या दिवशीच निवडून ठेवलेल्या होत्या. मग घास गिळल्याचा आवाज आला, आणि ईश्वरीने वाटीवर हात मारला. वाटी संपली. वाटी संपायला या घरात किती दिवस गेले होते!

पोट भरलं तशी ती पेंगली. अश्विनीने तिला आतल्या खोलीत निजवलं. दार लावलं नाही. त्या घरात मसाल्याच्या दिवशी आता ते दार कुणी लावत नाही. आम्ही कांदा तळला, दगडफूल परतलं. ईश्वरी झोपलेली होती. आई दारापर्यंत जाऊन आली. अश्विनी जाऊन आली. पुन्हा आई गेली. या खेपेला टाळी वाजवायला तिचा हात वर झाला आणि तसाच राहिला. अश्विनी तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

‘तू काय दिलं का तिला?’ आईने विचारलं.

‘नाही. तुम्ही?’

‘डाळभातच. तुझ्यासमोर.’

‘मी पण तेवढंच.’

‘पोट भरलंय म्हनून झोपली असंल.’

‘असेल.’

दोघी तिथून हलल्या नाहीत. माझ्या समोर कढई तापली होती. मी मिरची टाकली. धूर उठला, मला ठसका लागला, डोळ्यांसमोरचं दिसेनासं झालं. धूर दारातून आत गेला. आईने दार पूर्ण उघडलं, जितकं उघडत होतं तितकं, आणि दोघी आत बघत उभ्या राहिल्या. कढईतली मिरची काळी पडत होती आणि मला ती हलवायची शुद्ध नव्हती.

आतून शिंक आली. बारीकशी. मग दुसरी. मग ईश्वरीने गळा काढला, संतापाने, सगळ्या घराला शिव्या दिल्यासारखा.

‘शिंकली गं,’ आई म्हणाली. ‘शिंकली.’ आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

अश्विनीने ईश्वरीला उचलून बाहेरच्या खोलीत, मोकळ्या हवेत आणलं. पोरीचं नाक वाहत होतं, डोळे लाल झाले होते. अश्विनी तिचं तोंड पुसत होती आणि स्वतः रडत होती. मग ती आईसमोर येऊन उभी राहिली.

‘आई, हात धुऊन या,’ ती म्हणाली. ‘मिरचीचे आहेत. आणि घ्या हिला.’

आई उठली आणि मोरीत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी करपलेली मिरची उतरवली, खिडक्या उघडल्या, कढई पुसून घेतली. नळ चालूच होता. मी डोकावून पाहिलं. आई साबण लावून हात धूत होती, हुंगत होती, पुन्हा साबण लावत होती. ईश्वरी रडायची थांबली होती. अश्विनी तिला घेऊन मोरीच्या दाराशी वाट बघत उभी होती.